गवत कापणारा रोबो : जमा किती, नावे किती?

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या मासिक बैठकीत दिलेलं व्याख्यान)



या मंडळात आजवर रक्तदाब, मृत्युपत्र, मधुमेह असे भारदस्त विषय झाले. त्यामुळे मी गवत कापायच्या मशीनवर बोलणार म्हटल्यावर काहीजण गालातल्या गालात हसले. पण विषय वाटतो तितका परका नाही. आपल्याकडच्या बऱ्याच घरांतली मुलं जर्मनी, इंग्लंड, अमेरिकेत आहेत. उन्हाळ्यात आपण दोन-तीन महिने त्यांच्याकडे राहतो. मुलं सकाळी कामाला गेली की घर, नातवंडं आणि मागची बाग आपल्या ताब्यात येते. अलीकडे त्या बागेत हा रोबोही असतो. शिवाय आपल्या सोसायटीच्या लॉनसाठी असं मशीन घ्यावं का, अशी विचारणा झाली आहे. माझी मुलगी जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहते. तिच्याकडे दोन उन्हाळे मी हे यंत्र रोज पाहिलं. आयुष्य बँकेत गेल्यामुळे त्याचाही हिशेब जमा-नावे याच पद्धतीने मांडतो.

आधी थोडा इतिहास. गवत कापायचं पहिलं यंत्र इंग्लंडमध्ये एडविन बडिंग यांनी 1830 मध्ये काढलं. तोवर हे काम विळ्या-कोयत्यांनी किंवा मेंढ्या चारून होत असे. स्वीडनची हुस्कवार्ना ही कंपनी 1689 मध्ये बंदुकांचा कारखाना म्हणून सुरू झाली. तिने 1995 मध्ये सूर्यप्रकाशावर चालणारं, आपलं आपण फिरणारं मशीन बाजारात आणलं. आजचे रोबो बॅटरीवर चालतात.

हे चालतं कसं? मोठ्या कासवासारखं दिसतं. पोटाखाली फिरती तबकडी, तिला दाढीच्या ब्लेडसारखी छोटी पाती. बॅटरी उतरली की स्वतःच चार्जिंगच्या जागी जाऊन उभं राहतं आणि पोट भरलं की पुन्हा कामाला लागतं. बागेची हद्द त्याला कळावी म्हणून कडेने जमिनीत एक वायर पुरतात. तिच्यातून अगदी कमी दाबाचा संकेत जातो आणि मशीन तिथून मागे वळतं. नव्या प्रकारात वायर नसते, उपग्रहाचा आधार असतो. आपल्या मोबाईलचा जीपीएस काही मीटर इकडेतिकडे चुकतो. तेवढ्यात रोबो शेजाऱ्याच्या गुलाबात जाईल! म्हणून एका ठिकाणी स्थिर अँटेना बसवतात. तिच्याकडून दुरुस्ती मिळाली की चूक काही सेंटिमीटरवर येते. मात्र दाट झाडांखाली किंवा उंच भिंतींच्या मध्ये संकेत कमजोर होतो.

आता जमा बाजू. तिकडे माळी ठेवणं बहुतेकांना परवडत नाही. नोकरी करणाऱ्या जोडप्याचा शनिवार गवतात जातो. रोबो तो शनिवार परत देतो, आणि माझ्या मते हीच सगळ्यांत मोठी जमा. दुसरं, तो रोज थोडं थोडं कापतो. बारीक तुकडे तिथेच पडून कुजतात आणि त्यांतलं नत्र जमिनीला परत मिळतं. पोती भरून कचरा टाकायला नको. एका वेळी पात्याचा एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग कापू नये, हा बागकामातला जुना नियमही आपोआप पाळला जातो, त्यामुळे लॉन दाट होतं. तिसरं, आवाज. पेट्रोलचं मशीन सुरू झालं की गल्ली दणाणते. हा शेजारून गेला तरी आपलं बोलणं चालू राहतं. पेट्रोलचा धूर नाही, विजेचा खर्च किरकोळ. आणि ज्यांचे गुडघे आपल्यासारखे झालेत, त्यांची बाग त्यांच्याकडेच राहते.

नावे बाजूही लांब आहे. पहिला आकडा किमतीचा. छोट्या बागेचं साधं मशीन हजार युरोच्या आत मिळतं, मोठ्या बागेसाठी दोन-तीन हजार आणि त्याहून जास्तही लागतात. पाती झिजतात, महिना-दोन महिन्यांनी बदलावी लागतात. काही वर्षांनी बॅटरी बदलायची. पाती पोटाच्या आत असल्याने भिंतीलगतची पट्टी तशीच राहते, ती हाताने कापायची. फार चढ असेल तर साधी चाकं घसरतात. खेळणी, पाण्याची नळी, झाडाखाली पडलेली सफरचंदं आधी उचलून ठेवावी लागतात. म्हणजे कापणं गेलं, पण देखरेख आली. बँकेत संगणक आले तेव्हा असंच झालं होतं. खतावणी गेली, पण तपासणी गेली नाही.

आपल्यापैकी ज्यांना तिकडे कोथिंबीर, मेथी लावायचा सोस आहे त्यांना एक सूचना. कुदळ मारण्याआधी वायर कुठून गेली आहे ते जावईबापूंना विचारा. वायर तुटली की मशीन जागच्या जागी बसतं आणि तुटलेली जागा शोधण्यात संध्याकाळ जाते. विजांचा कडकडाट असेल तर प्लग काढून ठेवा, कारण जमिनीतल्या वायरीतून येणारा धक्का यंत्र जाळू शकतो.

आता दोन गोष्टी ज्यांसाठी मी खरं म्हणजे उभा राहिलो आहे.

पहिली, लहान मुलं. मशीन उचललं किंवा कलंडलं की पाती थांबतात, अशी सोय असते. नव्यांत कॅमेरेही आले. पण त्या भरवशावर रांगणारं नातवंड गवतात सोडू नये. बोटं आणि अनवाणी पाय लहान असतात, पाती धारदार असतात. मुलं बागेत, तर मशीन बंद. हा नियम मुलीने आणि मी मिळून दारावर चिकटवला.

दुसरी गोष्ट, हेजहॉग. अंगावर काटे असलेला हा छोटा प्राणी पाहून आपल्याला साळिंदर आठवतं, पण दोघांचं नातं नाही. तो रात्री बाहेर पडतो, बागेतले किडे खातो. धोका दिसला की पळत नाही, अंग आक्रसून गोळा होऊन बसतो. रोबोपुढे हाच बचाव त्याच्या जिवावर उठतो. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी 18 प्रकारची मशीनं मेलेल्या हेजहॉगांवर तपासली. 2021 मध्ये निष्कर्ष आले. एकाही मशीनला स्पर्श झाल्याशिवाय प्राणी ओळखता आला नाही. काहींनी त्याला गंभीर इजा केली, काहींनी नाही. पुढे कोलोनसारख्या शहरांनी रात्री रोबो चालवायला बंदी घातली. जर्मनीत निवासी भागात रविवारी, सणाच्या दिवशी आणि रात्री आठ ते सकाळी सात गवत कापायची मशीनं चालवायला 2002 च्या नियमांनी आधीच मनाई आहे. पण तो नियम आवाजासाठी होता. आपला रोबो आवाज करत नाही म्हणून रात्री सोडायचा मोह होतो, तो आवरा. मोबाईलवर वेळ लावता येते. दिवसाउजेडी लावा.

राहिलं आपलं लॉन. माझं स्पष्ट मत, घेऊ नये. आपला माळी गवत कापतो तसं पाणी घालतो, तण काढतो, मेंदी छाटतो, पावसाळ्यात तुंबलेली गटारं मोकळी करतो, नारळाच्या झावळ्या उचलतो. रोबो यांतलं एकच काम करेल, आणि झावळी आडवी पडली की तेही थांबेल. जून ते सप्टेंबर ओल्या मातीत चाकं रुततील, आणि संध्याकाळी मुलांचं क्रिकेट असतं ते वेगळंच. दुरुस्तीला माणूस जवळ मिळेल का, हा प्रश्न आहेच. त्याऐवजी माळ्याचं ढकलायचं मशीन बोथट झालं आहे, त्याला धार लावून द्या आणि वर्षातून दोनदा तेलपाणी करा. येत्या सर्वसाधारण सभेत तेवढी तरतूद करावी, अशी सचिवांना विनंती.

तात्पर्य एवढंच : जिथे माणूस मिळत नाही आणि वेळही नाही, तिथे हे यंत्र जमेत आहे. जिथे माणूस आहे, तिथे आधी त्याच्या हातातलं हत्यार नीट करावं. आणि मुलांकडे गेलात तर मशीन संध्याकाळी बंद आहे ना, एवढं बघूनच झोपा.

चहा तयार आहे असं कळतं.