एकांतालाही पाणी लागते

एकांतवास म्हटला की आपल्याला हिमालय आठवतो. पण काही साधकांनी समुद्र जवळ केला. आयर्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यापासून सुमारे १२ किलोमीटरवर स्केलिग मायकेल नावाचा कातळी सुळका आहे. मध्ययुगाच्या आरंभी काही ख्रिस्ती संन्यासी तिथे जाऊन राहिले. त्यांच्यापुढे इजिप्तच्या वाळवंटातल्या साधकांचा आदर्श होता. आयर्लंडमध्ये वाळवंट नाही. म्हणून त्यांनी समुद्रातला खडक निवडला. चुना न वापरता दगडावर दगड रचून त्यांनी उपड्या टोपलीसारख्या खोल्या बांधल्या. त्या आजही उभ्या आहेत.

आपल्याकडेही असे घडले. मी कळंबोलीला राहतो. इथून मुंबईला जाताना वाशीचा खाडीपूल ओलांडला, की आपण जुन्या बेटांच्या मुलखात शिरतो. त्यांतल्या साष्टी बेटावर, बोरिवलीच्या जंगलात, कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकापासून पुढे कितीतरी शतके बौद्ध भिक्खू तिथे राहिले.

कान्हेरीला गेल्यावर आपण चैत्यगृह पाहतो, मूर्ती पाहतो. पुढच्या वेळी पाण्याच्या पोढ्या, म्हणजे कातळात कोरलेली टाकी, अवश्य पाहा. डोंगरउतारावरचे पावसाचे पाणी पन्हळींनी वळवून त्यांत साठवले जाई. स्केलिगच्या संन्याशांनीही पावसाच्या पाण्यासाठी टाकी केली होती. एकमेकांचे नावही न ऐकलेल्या या माणसांना एकच गोष्ट आधी सुचली, कारण पाण्यावाचून ध्यान होत नाही.

आणि हा एकांत एकट्याचा नव्हता. कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याण-सोपाऱ्याच्या दात्यांची नावे आहेत. कुणी लेणे दिले, कुणी टाके. कुणी ‘अक्षयनीवी’ ठेवली, म्हणजे मुद्दलाला हात न लावता उत्पन्नातून भिक्खूंच्या वस्त्रांची सोय केली. संसार सोडणाऱ्यांचा भार संसारी माणसांनी आपणहून उचलला होता.

आमच्या वसाहतीत जूनचा पाऊस गच्चीवरून गटारात आणि गटारातून खाडीत जातो. मे महिन्यात आम्ही टँकरची वाट पाहतो. छिन्नी-हातोड्याने कातळ फोडून टाकी करणाऱ्यांपेक्षा आपले काम पुष्कळ सोपे आहे. त्यासाठी संन्यास घ्यायला नको. गच्चीचे पन्हळ टाकीकडे वळवले आणि खर्च चार घरांनी मिळून उचलला, तरी पुरे.