दप्तराची निगा

ग्वाल्हेर हे दप्तरांचे जुने शहर. शिंदे सरकारच्या कारभाराचे मोडी कागद येथे रुमालांत बांधले गेले. १९५६ साली नवे मध्य प्रदेश राज्य झाले, राजधानी भोपाळ ठरली; पण महसूल मंडळ ग्वाल्हेरीस आले. शेताची हद्द, वारसाचे नाव, कर्जाचा बोजा यांच्या नोंदीवर किती घरांचे भवितव्य अवलंबून असते, हे या शहराला सांगावयास नको. आता अशा नोंदी सर्व्हरमध्ये गेल्या आहेत. रुमालाला कसर लागे. सर्व्हरलाही लागते, फक्त ती डोळ्यांना दिसत नाही.

डेटाबेसची रीत जुन्या कारकुनाला परकी वाटणार नाही. प्रत्येक व्यवहार प्रथम लॉगमध्ये उतरतो, ती रोजकीर्द. मग मूळ फायलीत जातो, ती खतावणी. लॉगची प्रत वेळच्या वेळी घेतली, की त्याचा जुना भाग मोकळा होतो. ती घेतली नाही, तर लॉग फुगत जातो, डिस्क भरते व काम थांबते. त्यातच झिजलेल्या डिस्कने दगा दिला, की खतावणीची पाने खराब होतात.

अशा वेळी घाबरलेला माणूस दोन चुका करतो. जागा व्हावी म्हणून लॉग पुसतो, अथवा सक्तीच्या दुरुस्तीची आज्ञा देऊन मोकळा होतो. पहिल्या चुकीने रोजकीर्द जाते. दुसरीने खराब पाने नोंदींसकट काढून टाकली जातात. जाणता माणूस आधी नवे लेखन थांबवितो. आहेत त्या स्थितीत सर्व फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घेतो, त्रुटींची नोंद वाचतो, डिस्क तपासतो. मग वेगळ्या यंत्रावर शेवटचा चांगला बॅकअप उतरवून त्यापुढचा लॉग क्रमाने चढवितो.

पण बॅकअप चांगला आहे, हे कशावरून? ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या संगणक कंपनीत एका अभियंत्याच्या हातून चालू डेटाबेस पुसला गेला. प्रती राखण्याच्या पाच व्यवस्था होत्या. ऐन वेळी एकही भरवशाची ठरली नाही. आज्ञावलीच्या आवृत्त्या जुळत नसल्याने नेहमीचा बॅकअप निघतच नव्हता, आणि तसे कळविणारी ई-पत्रे पोहोचत नव्हती. सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी घेतलेली एक प्रत हाती होती, म्हणून निभावले. मधल्या सहा तासांतील नोंदी मात्र गेल्या.

तात्पर्य, उतरवून न पाहिलेला बॅकअप हा बॅकअप नव्हे. रोज लॉगवर व डिस्कवर नजर, आठवड्यास फायलींची तपासणी, महिन्यास दुसऱ्या यंत्रावर बॅकअप उतरवून खात्री: एवढाच हा नेम. तो पाळणाऱ्याचे कौतुक होत नाही, कारण त्याच्या हातून काहीच बिघडत नाही. परंतु खिडकीशी आलेल्या वारसाला आपले नाव जागच्या जागी सापडते, ते त्याच्यामुळेच.