पडलेली राजवट आणि टिकून राहिलेले अधिकारी



राजवट एका दिवसात कोसळते. तिची यंत्रणा मात्र कोसळत नाही. ज्यांनी गोळीबाराचे हुकूम दिले, ज्यांनी कोठडीत माणसे छळली, त्यांपैकी काही सीमेपलीकडे पळतात. काही त्याच खुर्चीत बसून नव्या मंत्र्यांना सलाम करतात. कोलकाता शहराने हे दोन्ही प्रकार पाहिले आहेत.

१५ ऑगस्ट १९७५ रोजी ढाक्यात शेख मुजीबुर रहमान यांची कुटुंबीयांसह हत्या झाली. त्यानंतरच्या राजवटींनी मारेकऱ्यांना शासन तर केले नाहीच; उलट वटहुकूम काढून अभय दिले आणि परदेशातील वकिलातींमध्ये नेमणुका दिल्या. १९९६ मध्ये तो अभयाचा कायदा रद्द झाला, तेव्हा कुठे खटला चालू शकला. त्यात फाशीची शिक्षा झालेला माजी कॅप्टन अब्दुल माजेद फरारी होता. तो दोन दशकांहून अधिक काळ कोलकात्यात लपला होता, असे त्याच्या अटकेनंतर ढाक्यात सांगण्यात आले. ७ एप्रिल २०२० रोजी त्याला ढाक्यात अटक झाली आणि १२ एप्रिलला फाशी देण्यात आली. गुन्हेगार सापडला, परंतु इतकी वर्षे त्याला आसरा कोणी दिला, या प्रश्नाचे उत्तर देऊ शकणारा मुख्य साक्षीदार पाच दिवसांत नाहीसा झाला.

आज तोच प्रश्न अधिक मोठ्या स्वरूपात उभा आहे. ५ ऑगस्ट २०२४ रोजी जनउठावापुढे शेख हसीना यांची राजवट कोसळली. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाच्या अंदाजानुसार त्या दडपशाहीच्या काळात १४०० पर्यंत माणसे मारली गेली असावीत. हसीना भारतात आल्या. अवामी लीगच्या अनेक नेत्यांनी कोलकाता व परिसरात आश्रय घेतला. १७ नोव्हेंबर २०२५ रोजी ढाक्यातील न्यायाधिकरणाने हसीना आणि माजी गृहमंत्री असदुज्जमान खान यांना त्यांच्या गैरहजेरीत फाशीची शिक्षा सुनावली. हे न्यायाधिकरण २०१० मध्ये हसीना सरकारनेच स्थापन केले होते.

येथे दोन चुका टाळल्या पाहिजेत. जमावाच्या भीतीने घर सोडून आलेला साधा कार्यकर्ता आणि गोळीबाराचा हुकूम देणारा अधिकारी यांना एकाच मापाने मोजता येणार नाही. पहिल्याला आश्रय हवा, दुसऱ्यावर खटला हवा. त्याचबरोबर दिल्लीच्या सत्ताधाऱ्यांची मैत्री ही कोणत्याही आरोपीची ढाल होता कामा नये. मात्र तो खटला उघडा हवा, बचावाची पुरी संधी देणारा हवा आणि फासाच्या घाईपासून मुक्त हवा. सूड हे कामगारवर्गाचे हत्यार नव्हे.

परंतु सीमेपलीकडे बोट दाखविणे सोपे आहे. जुलै १९७४ मध्ये, सिद्धार्थ शंकर राय यांच्या काँग्रेस राजवटीत, शाळेच्या मुख्याध्यापिका अर्चना गुहा यांना अटक करून लालबाजारच्या पोलीस मुख्यालयात आणण्यात आले. तेथील छळाने त्यांचे पाय लुळे पडले. १९७७ मध्ये त्यांची सुटका झाली. त्याच वर्षी २१ जूनला ज्योती बसू यांच्या नेतृत्वाखाली डाव्या आघाडीचे सरकार आले, राजकीय कैदी मुक्त झाले, आणि ऑगस्टमध्ये अर्चना गुहा यांनी पोलीस अधिकारी रुणू गुहा नियोगी व इतरांविरुद्ध फिर्याद दाखल केली.

या अधिकाऱ्याला कोठेही पळावे लागले नाही. खटला वरच्या न्यायालयांत वर्षानुवर्षे अडवून धरला गेला आणि दरम्यान त्याला बढत्या मिळत गेल्या. जून १९९६ मध्ये न्यायालयाने त्याला दोषी ठरवले. फिर्यादीनंतर जवळजवळ १९ वर्षांनी मिळालेली शिक्षा होती एका वर्षाच्या कारावासाची. ही झुंज दिली ती एका पीडित स्त्रीने आणि तिच्या कुटुंबाने. ज्या काळात असंख्य डावे कार्यकर्ते मारले गेले, त्या काळाचा हिशेब सरकारने स्वतः पुढे होऊन मागायला हवा होता. तो मागितला गेला नाही, ही उणीव आत्मटीकेच्या भावनेने मान्य केली पाहिजे.

तयार राज्ययंत्रणा नुसती ताब्यात घेऊन ती जनतेसाठी चालविता येत नाही, हा पॅरिस कम्यूनच्या अनुभवातून मार्क्सने काढलेला निष्कर्ष येथे पुन्हा खरा ठरला. मंत्री बदलले, कोठडी बदलली नाही.

म्हणून आजच्या मागण्या स्पष्ट आहेत. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली. त्याला विधिवत मान्यता दिलीच पाहिजे. कोठडीतील छळाविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला पाहिजे. अधिकाऱ्यावर खटला भरण्यासाठी सरकारच्या पूर्वपरवानगीची अट छळाच्या गुन्ह्यांना लागू असता कामा नये. फरारी अधिकाऱ्याला पकडा, ही घोषणा योग्यच आहे. पण ज्याला फरारी होण्याची गरजच पडत नाही, त्याच्यापर्यंत कायदा पोहोचविणे हे लोकशाही चळवळीचे अधिक अवघड आणि अधिक निकडीचे काम आहे.