माफक खर्चांत आल्प्सचा हिवाळा

हिवाळ्यांत आल्प्स पर्वतावर जाऊन बर्फावरून घसरण्याची मौज लुटावयाची असें कोणी म्हटलें, कीं ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढें बर्फाआधीं खर्च उभा राहतो. ही भीति अगदींच निराधार आहे असें नाहीं. स्वित्झर्लंडमधील सेंट मॉरिट्झसारख्या गांवांनीं धनिकांच्या विलासाबद्दल जी कीर्ति मिळविली, तिची छाया साऱ्या आल्प्सवर पडली. परंतु त्याच पर्वताला दुसराहि एक इतिहास आहे, आणि तो पगारदार माणसाच्या रजेचा इतिहास आहे. माफक उत्पन्नाच्या कुटुंबानें आपला बेत आंखावयाचा तो हा दुसरा इतिहास ध्यानांत घेऊन.

१९३६ सालीं फ्रान्समध्यें कामगारांना वर्षाकांठीं दोन आठवड्यांची भरपगारी रजा देणारा कायदा झाला. क्रीडा व विरंगुळा या खात्याची धुरा त्या वेळीं लेओ लाग्रांज यांच्याकडे होती. त्यांच्या प्रयत्नानें रजेवर जाणाऱ्यांना रेल्वेचीं सवलतीचीं तिकिटें मिळूं लागलीं. पुढें १९६० नंतरच्या दशकांत उंच कुरणांवर हिमक्रीडेचीं नवीं गांवें वसविण्याचें धोरण फ्रेंच सरकारनें हातीं घेतलें. सावोआ प्रांतांतील ले आर्क हें त्यांपैकींच एक. रोझे गोदिनो या उद्योजकानें आणि रोबेर ब्लां या स्थानिक पर्वतमार्गदर्शकानें त्याचा पाया घातला. त्यांतील पहिली वसाहत १,६०० मीटर उंचीवर १९६८ सालीं उघडली. पुढें १,८०० आणि २,००० मीटरांवरहि वसाहती झाल्या.

या गांवाची रचना शार्लोत पेरियां या विदुषीनें आपल्या सहकाऱ्यांसह केली. चंडीगढचा आराखडा करणारे ल कॉर्ब्यूझिए यांच्याबरोबर त्यांनीं तरुणपणीं दहा वर्षें काम केलें होतें. डोंगराच्या उतारालाच टेकून राहतील अशा इमारती त्यांनीं उभारल्या, मोटारी वस्तीबाहेर ठेवल्या आणि खोल्या लहान पण सुबक केल्या. न्हाणीघरें कारखान्यांत एकसंध घडवून आणलीं, आणि स्वयंपाकाचा ओटा बैठकीकडे मोकळा ठेवला, म्हणजे रांधणारी व्यक्ति घरच्या मंडळींपासून तुटूं नये. थोड्या जागेंत पुष्कळांना ऊन, देखावा आणि निवारा मिळावा हा त्यामागील हेतु होता. तेव्हां अशा खोलींत उतरणें म्हणजे कांहीं कमीपणा पत्करणें नव्हे. तें गांवच मुळीं त्यासाठीं बांधलेलें आहे.

आतां बेताकडे वळावें. मुंबई-पुण्याहून केवळ एका आठवड्याच्या बर्फासाठीं विमानानें जाणें ही काटकसर म्हणतां येणार नाहीं. विमानाचें भाडेंच बाकीच्या खर्चावर कुरघोडी करील. परंतु शिक्षणासाठीं वा नोकरीसाठीं लंडन, पॅरिस, म्यूनिक अशा नगरांत राहणारीं मराठी कुटुंबें आज थोडीं नाहींत, आणि सुटीला मुलाकडे किंवा लेकीकडे जाणारे आईवडीलहि पुष्कळ आहेत. अशांना हा बेत खचित साधण्यासारखा आहे. मात्र ज्यांच्याजवळ भारतीय पासपोर्ट आहे आणि शेंगेन देशांपैकीं कोठलाहि निवासाचा परवाना नाहीं, त्यांनीं व्हिसाची तजवीज प्रथम करावी.

खर्चावर सर्वांत मोठा अंमल चालतो तो पंचांगाचा. फ्रान्समध्यें शाळांना हिवाळ्यांत दोन आठवड्यांची सुटी असते. सारा देश एकदम डोंगरावर लोटूं नये म्हणून देशाचे तीन विभाग केले आहेत, आणि त्यांच्या सुट्या एकेका आठवड्याच्या अंतरानें सुरू होतात. त्यामुळें फेब्रुवारीच्या आरंभापासून मार्चच्या आरंभापर्यंत चार आठवडे ऐन गर्दीचे जातात. नाताळचा पंधरवडाहि तसाच. तीच खोली नववर्षाचा आठवडा सरल्यावर, जानेवारींत, बऱ्याच कमी भाड्यानें मिळते. ज्यांना थंडी सोसत नाहीं त्यांनीं मार्चचा उत्तरार्ध निवडावा. दिवस मोठे असतात, ऊन प्रसन्न असतें, आणि वसाहत उंचावर असल्यामुळें बर्फहि टिकून असतें. दुपारनंतर तें मऊ पडतें, म्हणून सकाळीं लवकर निघावें, इतकेंच. शाळकरी मुलांमुळें ज्यांचे हात बांधलेले आहेत, त्यांनीं निदान जागा कित्येक महिने आधीं राखून ठेवावी.

दुसरा प्रश्न मुक्कामाचा. ले आर्कच्या पायथ्याशीं दरींत बूर-सँ-मोरीस हें गांव आहे. पॅरिसहून हिवाळ्यांत थेट आगगाड्या तेथें येतात आणि प्रवासाला सुमारें पांच तास लागतात. स्थानकाला लागूनच १९८९ सालीं सुरू झालेली दोरावरची आगगाडी आहे. ती सात मिनिटांत १,६०० मीटरांवरील वसाहतींत पोंचविते. म्हणजे मोटार भाड्यानें घेण्याचें कारण उरत नाहीं. शिवाय दरींत उतरलें तर जागा स्वस्त पडते आणि बाजारहि जवळ राहतो. वर उतरलें तर दाराबाहेर पाऊल टाकतांच बर्फ लागतें. लहान मुलें असतील तर वरचें बरें, सारीं मोठीं असतील तर खालचें बरें, असा ढोबळ हिशेब धरावा. वर राहणाऱ्यांनीं आठवड्याचें धान्य, डाळ, मसाले बरोबर न्यावे आणि दूध-भाजी दरींतच घ्यावी. डोंगरावरील उपाहारगृहांत चौघांनीं दुपारीं जेवावयाचें म्हणजे घरच्या दोन-तीन दिवसांच्या शिध्याचे पैसे गेलेच म्हणावयाचे. पिशवींतील पोळीभाजी आणि थर्मासमधील चहा उन्हांत बसून घेण्याची तेथें मुळींच लाज नाहीं. फ्रेंच कुटुंबेंहि तसेंच करतात. एखादी संध्याकाळ मात्र तेथल्या बोफोर चीजसाठीं राखून ठेवावी. त्याच दरींतील गाईंच्या दुधाचें तें होतें.

तिसरी बाब म्हणजे लिफ्टचा पास. ले आर्क आणि शेजारचें ला प्लान्य हीं दोन गांवें २००३ सालीं एका दुमजली पाळण्यानें जोडलीं गेलीं. त्याच्या एकेका डब्यांत दोनशे माणसें मावतात. या जोडक्षेत्रांत सव्वाचारशे किलोमीटर लांबीचे घसरणीचे मार्ग आहेत. मोठ्या माणसाचा त्याचा सहा दिवसांचा पास तीनशे युरोंच्या वर जातो. पण ज्यानें पायाला कधीं स्की बांधली नाहीं, त्याला सव्वाचारशे किलोमीटर काय करावयाचे? पहिले दोन-तीन दिवस त्याचा सारा पराक्रम एका सौम्य उतारावरच चालतो. नवशिक्यांच्या उतारावरचे कांहीं पाळणे फ्रान्समध्यें पुष्कळ ठिकाणीं विनामूल्य असतात किंवा त्यांचा निराळा स्वस्त पास मिळतो. म्हणून घरांतील प्रत्येकासाठीं सारखाच पास घेऊं नये. ज्याची जेवढी गति, तेवढेंच त्याचें तिकीट. स्की, बूट आणि काठ्या विकत न घेतां भाड्यानें घ्याव्या. कोट आणि विजार ओळखीच्यांकडून मागून आणण्यांतहि कमीपणा नाहीं. हातमोजे, चष्मा आणि मऊ लोकरी मोजे मात्र स्वतःचे असावे.

येथवर काटकसर झाली. परंतु तीन ठिकाणीं हात आंखडूं नये. पहिलें शिक्षण. मित्राकडून फुकट शिकूं म्हणणारा बहुधा त्या मित्रालाहि गमावतो आणि आठवड्यालाहि. रोबेर ब्लां यांनीं ले आर्कमध्यें नवशिक्याला प्रथम आंखूड स्की देऊन क्रमाक्रमानें लांब स्की देण्याची पद्धति रूढ केली, ती शिकणाऱ्याची भीति ओळखूनच. गटाबरोबरचे धडे एकट्याच्या धड्यांहून पुष्कळ स्वस्त असतात, आणि सौम्य हिरव्या मार्गावरून निळ्यावर, निळ्यावरून तांबड्यावर केव्हां जावें हें शिक्षकालाच नीट कळतें. काळा मार्ग तज्ज्ञांचा.

दुसरें शिरस्त्राण, तें भाड्यानेंहि मिळतें. तिसरा विमा. शेंगेन व्हिसासाठीं किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, म्हणून पुष्कळजण निश्चिंत राहतात. पण त्या करारांत हिमक्रीडा वगळलेली नाहीं ना, हें शब्द न् शब्द वाचून पाहावें. फ्रान्समध्यें १९८५ च्या पर्वतविषयक कायद्यानें बर्फावरून घसरतांना अपघात झालेल्या माणसास खालीं आणण्याचा खर्च त्याच्याकडून वसूल करण्याचा अधिकार गांवांना दिला आहे. हा धोका पत्करणारा दैनिक विमा पासाबरोबरच थोडक्या युरोंत मिळतो. चौघांच्या सहा दिवसांच्या विम्याची रक्कम एका बाहेरच्या जेवणाएवढी होईल. एका मोडलेल्या पायाचा खर्च मात्र कित्येक वर्षांच्या सुट्या गिळून टाकील.

आखलेला मार्ग सोडून पलीकडच्या अस्पर्श बर्फांत जाण्याचा मोह तर कोणत्याहि किंमतीला आवरावा. हिमलोटाचा धोका तेथें रोज एक ते पांच अशा अंकांनीं जाहीर होतो. तो अंक नाश्त्याआधीं वाचावा. ज्या रोबेर ब्लां यांनीं तो डोंगर पायाखालीं घालून गांव वसविलें, त्यांचाच १९८० सालीं हिमलोटांत अंत झाला. जन्मभर डोंगर जाणणाऱ्याची ही गत, तर आठवड्याच्या पाहुण्यानें किती जपावें!

हिशेबी माणसाला आल्प्स बंद नाहीं. मात्र हिशेब नुसता कमी खर्चाचा नसावा, योग्य खर्चाचा असावा. जेथें पैसा केवळ थाटासाठीं जातो तेथून तो सोडवावा, आणि जेथें त्यानें हातपाय शाबूत राहतात तेथें तो मोकळ्या हातानें द्यावा. असें केलें तर शेवटच्या सायंकाळीं दरींत उतरणाऱ्या गाडींत बसतांना खिसा रिकामा झाल्याची खंत राहणार नाहीं, आणि मुलें पुढच्या हिवाळ्याची गोष्ट आपण होऊन काढतील.