लोकप्रतिनिधीचा प्रश्न आणि आपली जबाबदारी

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात पूर्णा येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानासाठी संस्थेने मला विषय दिला आहे, 'विधिमंडळातील प्रश्न'. विषय ऐकून काही तरुण मित्र म्हणाले, "सर, हा तर आमदार-खासदारांचा विषय, आमचा काय संबंध?" संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे. शाळेला मास्तर नाही, दवाखान्यात औषध नाही, शिष्यवृत्ती वर्ष संपले तरी आलेली नाही, ही गाऱ्हाणी आपण पारावर बसून रोज सांगतो. तीच गाऱ्हाणी सभागृहात नियमाप्रमाणे मांडली गेली, की मंत्र्याला उभे राहून उत्तर द्यावे लागते. पारावरचे गाऱ्हाणे हवेत विरते. सभागृहातला प्रश्न कागदावर राहतो. एवढा या दोहोंत फरक आहे.

हा अधिकार आपल्याला सहज मिळालेला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १८ फेब्रुवारी १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात सदस्यत्वाची शपथ घेतली, त्या वेळी आपली पूर्णा निजामाच्या हैदराबाद राज्यात होती. लोकांनी मत देऊन निवडलेला प्रतिनिधी दरबाराला जाब विचारतो, ही गोष्ट आपल्या आजोबा-पणजोबांना ठाऊकच नव्हती. अर्ज करायचा, हात जोडायचे आणि वाट पाहायची, एवढेच त्यांच्या हाती होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला आणि १९५२ साली पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, तेव्हा आपल्या लोकांना प्रथमच प्रतिनिधी मिळाला. १९५७ साली शेजारच्या नांदेड मतदारसंघातून हरिहरराव सोनुले शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे लोकसभेत गेले. म्हणजे आपल्या भागात हा अधिकार अवघ्या दोन-तीन पिढ्यांचा आहे. म्हणूनच तो कसा वापरावा, हे आपण बाबासाहेबांकडून शिकले पाहिजे.

बाबासाहेब १९२७ साली निवडून आलेले नव्हते, सरकारने त्यांना नेमले होते. नेमलेला माणूस नेमणाऱ्याचे गुण गाईल, असाच लोकांचा समज असतो. बाबासाहेबांनी सभागृहात पाऊल ठेवल्यावर आठवडाभरात, २४ फेब्रुवारी १९२७ रोजी, अर्थसंकल्पावर भाषण केले आणि सरकारच्या करपद्धतीवरच बोट ठेवले. आयकर भरणाऱ्याला ठराविक उत्पन्नापर्यंत सूट आहे, मग एक-दोन एकरांच्या गरीब शेतकऱ्याकडून मात्र शेतसारा सक्तीने का घेता, असा त्यांचा सवाल होता. तो प्रश्न केवळ अस्पृश्यांचा नव्हता, प्रत्येक लहान शेतकऱ्याचा होता.

त्यानंतर १२ मार्च १९२७ रोजी ते शिक्षणाच्या खर्चावर बोलले. विद्यार्थ्यांनी हे भाषण मुळातून वाचावे. त्यांनी सांगितले की प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या १०० मुलांपैकी फक्त १८ मुले चौथीपर्यंत पोहोचतात, उरलेली ८२ पुन्हा निरक्षर होतात. शिक्षणावर सरकार माणशी १४ आणे खर्च करते आणि दारूच्या अबकारीतून माणशी २ रुपयांहून अधिक वसूल करते, हा हिशेबही त्यांनी मांडला. त्यांची मागणी साधी होती : जनतेकडून अबकारीच्या रूपाने जेवढे घेता, तेवढे तरी तिच्या शिक्षणावर खर्च करा. या भाषणात आरडाओरड नाही. सरकारच्याच आकड्यांनी सरकारला त्यांनी कोंडीत पकडले. आकडा हा बाबासाहेबांचा साक्षीदार होता.

१९२८ साली कामगार स्त्रियांच्या बाळंतपणातील हक्कांच्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला. त्याच वर्षी महार वतनाच्या गुलामीतून समाजाला सोडविण्यासाठी स्वतः विधेयक आणले. १९३७ साली स्वतंत्र मजूर पक्षातर्फे ते निवडून आले आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी खोती नष्ट करण्याचे विधेयक त्यांनी मांडले. ते पुढे सरकेना, तेव्हा १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातील हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा त्यांनी मुंबईत विधानसभेवर नेला. आत विधेयक आणि बाहेर मोर्चा, असे हे दुहेरी काम होते. महाराष्ट्र शासनाने १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या दुसऱ्या खंडात ही सारी भाषणे आहेत, आणि त्यांनी सरकारला विचारलेले प्रश्न व सरकारने दिलेली उत्तरेही आहेत. संस्थेच्या वाचनालयात हा खंड असायलाच हवा.

पुढे १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते आणि १९४७ पासून १९५१ पर्यंत स्वतंत्र भारताचे कायदेमंत्री होते. त्या काळात ते उत्तर देण्याच्या बाजूला होते. १९५२ साली राज्यसभेवर गेल्यावर पुन्हा प्रश्न विचारण्याच्या बाजूला आले. सप्टेंबर १९५४ मध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या आयुक्तांच्या अहवालावर बोलताना त्यांनी पडीक जमिनीवर आपल्या लोकांची वसाहत करण्याचा आग्रह धरला. पैसा कोठून आणणार, असे कोणी विचारण्याच्या आत त्यांनीच मिठावरील कर पुन्हा बसवून त्यातून निधी उभारण्याचा मार्ग सुचविला. प्रश्न विचारणाऱ्याने उपायाचाही अभ्यास केलेला असावा, हा यातील धडा आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. ठराव आणि अंमलबजावणी यांच्यामध्ये एक मोठी दरी असते. रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव मुंबई विधिमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर केला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले झाले, पण ते कागदावर. बोले यांनी १९२६ साली पुन्हा मागणी केली की जी नगरपालिका हा ठराव पाळत नाही, तिचे अनुदान बंद करा. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली आपले तळे खुले केल्याचा ठराव केला, तरी प्रत्यक्ष पाण्याला हात लावण्यासाठी २० मार्च १९२७ उजाडावा लागला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १९३७ साल आले. ठरावापासून निकालापर्यंत चौदा वर्षे गेली.

आपल्या मराठवाड्याला हा अनुभव नवीन नाही. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ रोजी केला. त्यानंतर काय घडले, किती घरे जळाली, पोचीराम कांबळे, जनार्दन मवाडे यांच्यासारखे किती जण शहीद झाले, हे या सभेला सांगण्याची गरज नाही. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. म्हणजे एका ठरावाला साडेपंधरा वर्षे लागली. सरकारने ठराव केला म्हणून आपण घरी जाऊन झोपलो, तर ठरावही फाईलमध्ये झोपतो. त्याला जागे ठेवण्याचे साधन म्हणजे सभागृहातील प्रश्न आणि सभागृहाबाहेरील संघटित जनता.

अगदी अलीकडचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले आहे. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतरच्या घटनांत अटक झालेला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी याचा १५ डिसेंबर रोजी न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात विरोधी सदस्यांनी हा विषय उचलला. मुख्यमंत्र्यांनी उत्तर दिले, मारहाणीचा आरोप नाकारला आणि न्यायालयीन चौकशी जाहीर केली. प्रकरण तेथे संपले नाही. कुटुंबाने न्यायालयाचे दार ठोठावले. ४ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला आणि ३० जुलै रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. यातून दोन गोष्टी शिकाव्यात. सभागृहातील उत्तर म्हणजे शेवटचा शब्द नव्हे, ही पहिली गोष्ट. आणि ते उत्तर नोंदले गेलेले असल्यामुळेच पुढे कोणालाही ते पुराव्याशी ताडून पाहता येते, ही दुसरी.

विद्यार्थी मित्रांनो, हे यंत्र चालते कसे, तेही समजून घ्या. तोंडी उत्तर हवे असेल, तर सदस्य तारांकित प्रश्न देतो. मंत्र्याने उत्तर दिल्यावर त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात आणि खरी परीक्षा तेथेच होते. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळते. तातडीच्या सार्वजनिक बाबीसाठी लक्षवेधी सूचना असते. मंत्र्याने सभागृहात दिलेली आश्वासने पाळली की नाही, हे पाहण्यासाठी आश्वासन समिती असते. अनुसूचित जातींच्या कल्याणासाठी विधिमंडळाची वेगळी समिती आहे. राज्यघटनेच्या १६४ व्या अनुच्छेदाप्रमाणे मंत्रिमंडळ विधानसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार आहे, आणि या साऱ्याचे मूळ तेथे आहे.

प्रश्नाची भाषा ठरलेली असते. अमुक घडले, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने चौकशी केली काय? केली असल्यास, कोणती कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय? उत्तरांची भाषाही ठरलेली असते. "हे अंशतः खरे आहे." "माहिती संकलित करण्यात येत आहे." "प्रश्न उद्भवत नाही." ज्याला ही भाषा कळली, त्याला सरकार कळले. "अंशतः खरे" म्हटले, तर कोणता अंश खरा, हे पुरवणी प्रश्नात विचारले पाहिजे. "माहिती संकलित करण्यात येत आहे" म्हटले, तर पुढच्या अधिवेशनात तोच प्रश्न पुन्हा आला पाहिजे.

पण आमदार तरी हवेतून प्रश्न कोठून काढणार? त्याला माहिती आपण पुरविली पाहिजे. "सरकारचे लक्ष नाही" हे वाक्य प्रश्न म्हणून चालत नाही. समजा, स्वाधार योजनेची रक्कम मुलांना मिळालेली नाही. वसतिगृहात जागा न मिळालेल्या आपल्या मुलांसाठी ही योजना २०१६-१७ सालापासून आहे. मग किती मुलांनी अर्ज केले, कोणत्या तारखेला केले, किती मंजूर झाले, किती जणांच्या खात्यात पैसे आले, याची यादी करा. अर्जाच्या पोचपावत्या जोडा. माहिती मिळत नसेल, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करा, ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. असा कागद हातात असलेला आमदार, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, सभागृहात ठामपणे उभा राहू शकतो.

प्रश्न कोणाला विचारायचा, हेही कळले पाहिजे. पूर्णा हे जंक्शनचे गाव असल्याने हे आपल्याला चटकन समजेल. रेल्वे केंद्राची, म्हणून गाडीचा आणि फाटकाचा प्रश्न खासदाराने लोकसभेत विचारायचा. एस.टी., समाजकल्याणाचे वसतिगृह, पोलीस ठाणे हे राज्याचे विषय, ते विधानसभेत जायला हवेत. वस्तीतल्या नळाचा आणि नालीचा जाब नगर परिषदेत विचारायचा. खेड्यात ग्रामसभा आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून ग्रामसभेला घटनात्मक स्थान मिळाले. तेथे तर प्रतिनिधीचीही गरज नाही, प्रत्येक मतदार स्वतः प्रश्न विचारू शकतो. आपल्या भगिनींनी ग्रामसभेत जाऊन बसले पाहिजे, कारण पाण्याची आणि रेशनची खरी माहिती त्यांच्याकडेच असते.

बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला सुरू केलेल्या महाविद्यालयाला पुढे मिलिंद हे नाव मिळाले आणि परिसराला नागसेनवन. मिलिंद हा राजा होता आणि भिक्खू नागसेनांना त्याने मन मोकळे करून शंका विचारल्या. भिक्खूंनीही न रागावता एकेका शंकेचे निरसन केले. प्रश्न विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे, आणि उत्तर देणे म्हणजे कमीपणा नव्हे, ही आपली परंपरा आहे. सत्तेवर बसलेल्यांनी तिची आठवण ठेवावी आणि आपणही ठेवावी. कारण आपलाच कार्यकर्ता उद्या सत्तेवर बसला आणि आपण त्याला प्रश्न विचारला, तर त्याने तोंड फिरवता कामा नये.

संस्थेला माझी एक विनंती आहे. अधिवेशन सुरू होण्याच्या महिना-दीड महिना आधी येथे एक बैठक घ्या. शिष्यवृत्ती, वसतिगृह, दवाखाना, जमीन, अत्याचाराची प्रकरणे, यांतील पाच प्रश्न पुराव्यासह तयार करा आणि आपल्या प्रतिनिधींना समक्ष नेऊन द्या. अधिवेशन संपल्यावर पुन्हा बसा. कोणता प्रश्न मांडला गेला, काय उत्तर आले, ते एका वहीत लिहून ठेवा. ही वही पाच वर्षांनी मत मागायला येणाऱ्यासमोर उघडा. हे काम पदवीच्या वर्गातील चार मुले-मुली सहज करू शकतील, आणि त्यातूनच उद्याचे अभ्यासू प्रतिनिधी घडतील.



जयभीम. जय संविधान.