तळव्यांची भीती जाते तेव्हा

मराठी घरांत पायांची निगा राखायला काशाची वाटी असे. तळव्याला तूप किंवा तेल लावायचे आणि वाटी गोल गोल फिरवायची.

आता या वाटीच्या जोडीला रिफ्लेक्सॉलॉजी, म्हणजे तळव्यावरचे ठरावीक बिंदू दाबण्याची पद्धत, आली आहे. तिचा तळव्यांचा नकाशा १९३०च्या दशकात अमेरिकेत युनिस इंगहॅम यांनी रूढ केला.

पाय चोळून घ्यायला पहिल्यांदा आलेला माणूस पाय आखडून बसतो. कुणाला गुदगुल्यांची धास्ती, तर शेतात राबणाऱ्या बाईला भेगाळलेल्या टाचांची लाज. अशा वेळी जाणकार हात लगेच अंगठ्याने दाबत नाहीत. पाय आधी कोमट पाण्यात सोडायचे, पुसून पंच्यात गुंडाळायचे, मग अख्खा तळहात टेकवून सावकाश, घट्ट चोळायचे. गुदगुल्या होतात त्या हलक्या बोटांनी. ‘काकू, दुखलं तर सांगा, लगेच थांबते,’ एवढे म्हटले तरी खांदे सैल पडतात.

वाटीने तळवा काळपट होतो, तेव्हाही काहीजण घाबरतात. ‘उष्णता निघाली’ असे सांगायची रीत आहे. खरे तर तो काशाचा आणि तुपातेलाचा परिणाम. हे आधीच सांगायला हवे.

रिफ्लेक्सॉलॉजीने आजार बरे होतात याला भक्कम पुरावा नाही. आराम वाटतो, इतकेच प्रामाणिकपणे म्हणावे. मधुमेहाने तळवे बधिर झाले असतील, पायाला जखम असेल किंवा पोटरीत रक्ताची गुठळी असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाय चोळूच नयेत.