राखायचे कोणाला?



मुंबईच्या पश्चिम उपनगरांतल्या वैद्य, डॉक्टर आणि परिचारिकांचे हे संमेलन दिंडोशीत भरले, हे योग्यच झाले. डोंगरउतारावरच्या वस्त्यांतला, म्हाडाच्या इमारतींतला, चित्रनगरीत राबणारा इथला रुग्ण परळला टाटा कर्करोग रुग्णालयात किरणोपचाराचा शेक घेतो आणि संध्याकाळी आपल्या दवाखान्याची पायरी चढतो. अध्यक्षपदाचा मान दिलात, त्याबद्दल आभार. आज बोलणार आहे ते त्या रुग्णाच्या हातातल्या पुडीविषयी.

तोंडाच्या कर्करोगात किरणोपचार आठवड्याला पाच दिवस, सहा-सात आठवडे चालतात. एकूण मात्रा साधारण ६० ते ७० ग्रे. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड सोलवटते, मऊ वरणभातही झोंबतो, लाळ आटते, वजन उतरते. घरची माणसे काकुळतीला येतात. मग आपण ज्येष्ठमधाच्या गुळण्या सांगतो, तूप सांगतो, हळद-गुळवेलीचा काढा सांगतो.

या सांगण्याला काहीच आधार नाही असे नव्हे. मणिपालला पी. उमा देवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात तुळशीतली ओरिएंटिन आणि व्हायसेनिन ही द्रव्ये उंदरांना देऊन गॅमा किरणांपासून बचाव होतो, हे दाखवले. चीनमध्ये हुआंगची आणि जिनसेंग या मुळ्या किरणोपचाराच्या जोडीला दिल्या जातात. तिथून आलेल्या निबंधांचा ढीग मोठा आहे, पण त्यांतल्या पुष्कळशा चाचण्या लहान आणि ढिसाळ आहेत.

अडचण मुळातच आहे. किरण पेशीतल्या पाण्याचे रेणू फोडतात, त्यातून हायड्रॉक्सिल मूलके सुटतात आणि ती डीएनएचे धागे तोडतात. आपल्या बऱ्याच वनौषधी या मूलकांना आवरतात. पण गाठ नष्ट करण्याचे बरेचसे काम त्याच मूलकांचे! क्वेबेकमध्ये डोके-मानेच्या कर्करोगाच्या ५४० रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००५ मध्ये आले. ई जीवनसत्त्व आणि बीटाकॅरोटिन एकत्र घेणाऱ्यांचा तीव्र त्रास कमी झाला. मात्र गोळ्या घेणाऱ्यांत रोग त्याच जागी परतण्याकडे कल जास्त दिसला. ढाल दोन्ही बाजूंना मिळाली असावी. म्हणून प्रत्येक औषधाला विचारायचा पहिला प्रश्न हाच: तू राखतोस कोणाला?

किरणांपासून बचाव करणाऱ्या अ‍ॅमिफोस्टिन या औषधाला १९९९ मध्ये अमेरिकेत तोंडाच्या कोरडेपणासाठी मान्यता मिळाली. ते निरोगी पेशींत अधिक क्रियाशील होते, हा त्याचा गुण. उलट्या होतात, रक्तदाब घसरतो, हे दोष. म्हणून ते फारसे रुळले नाही. म्हणजे जागा रिकामी आहे. अलीकडे ट्रॉम्बेचे भाभा अणुसंशोधन केंद्र, टाटा मेमोरियल आणि खारघरचे अ‍ॅक्ट्रेक हे कर्करोग संशोधन केंद्र यांच्या सहभागातून अ‍ॅक्टोसाइट ही पूरक गोळी आली, तीही ओटीपोटाच्या किरणोपचाराने मूत्राशयाला इजा झालेल्या रुग्णांसाठी. अशा इजेतला रक्तस्राव बहुधा शेक संपून काही महिने लोटल्यावर सुरू होतो. तिथे गाठीला पाठीशी घालण्याची भीती कमी. औषध कधी द्यायचे, यालाही औषधाइतकेच महत्त्व आहे.

आपण काय करायचे? रुग्णाला दिलेले चूर्ण, काढा, गोळी, मात्रेसकट त्याच्या टाटाच्या फाइलीत लिहून पाठवायची. आमटीतली हळद चालू द्यावी. अर्क आणि कॅप्सूल मात्र शेक चालू असताना किरणोपचार-तज्ज्ञाला विचारल्याशिवाय नाहीत. गुळण्या पोटात जात नाहीत म्हणून बिनधोक, असे समजू नये. गाठही त्याच तोंडात असते.

आणि ज्येष्ठमधाची परीक्षा आपणच घेऊ. निम्म्या रुग्णांना ज्येष्ठमधाच्या गुळण्या, निम्म्यांना मिठाच्या कोमट पाण्याच्या. चिठ्ठ्या टाकून, नैतिकता समितीची परवानगी घेऊन, रुग्णालयाच्या देखरेखीखाली. दर आठवड्याला तोंड सोलवटण्याची प्रत आणि वजन टिपायचे. दोन वर्षांनी गाठ परतली की नाही, हेही टिपायचे. ज्यात हा शेवटचा रकाना कोरा असेल तो शोधनिबंध, मग तो कितीही मोठ्या वैद्याचा असो, पुढच्या संमेलनात वाचू देऊ नये, अशी माझी सूचना आहे. ती ठरावाच्या रूपाने आजच मंजूर करावी.